हुप्प्याखालचे खरे शब्द

‘लग्न यहुदी पद्धतीनंच करायचं, पण ज्यांवर आमचा विश्वास नाही अशा प्रार्थना म्हणायच्या नाहीत.’ न्यूयॉर्क, लंडन, तेल अवीव इथल्या कित्येक घरांत आज असं बोललं जातं. ठाण्या-मुंबईतल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी, घरांनाही हा विचार आता परका राहिलेला नाही. ऐकणाऱ्या वडीलधाऱ्यांना त्यात हट्ट दिसतो. देवाचं नाव घ्यायचं नसेल तर हुप्पा, म्हणजे लग्नाचा मांडव, उभारायचाच कशाला, नोंदणी करा आणि जेवण घाला, असं त्यांचं म्हणणं. मित्रमंडळी उलट बाजूनं विचारतात: धर्म मानत नाही म्हणता, मग केतुबा, म्हणजे विवाहकरार, वाचणं आणि ग्लास फोडणं हवं कशाला? दोन्हीकडून सल्ला एकच, की काहीतरी एक निवडा. हे पुस्तक ज्यांना तसं निवडायचं नाही त्यांच्यासाठी लिहिलं आहे. त्यांची मागणी रास्त आहे, तिला इतिहासाचा आधार आहे आणि मेहनत घेण्याची तयारी असेल तर ती नीट पूर्ण करता येते, अशी माझी खात्री आहे.

यहुदी असणं ही निव्वळ श्रद्धेची गोष्ट कधीच नव्हती. भाषा, सणवार, स्वयंपाक, नातीगोती, विस्थापनाच्या आठवणी आणि वाद घालण्याची एक खास रीत, या सगळ्यांतून हा समाज टिकला. प्यू रिसर्च सेंटरनं 2020 मध्ये अमेरिकेतल्या यहुदींची पाहणी केली, तेव्हा 27 टक्के प्रौढांनी आपला कोणताही धर्म नाही असं सांगितलं, आणि तरीही स्वतःला यहुदी म्हणवून घेतलं. त्याच पाहणीत 2010 नंतर लग्न केलेल्यांपैकी 61 टक्क्यांचे जोडीदार यहुदी नव्हते. म्हणजे ज्यांच्यासाठी रूढ विधी जसाच्या तसा चालणार नाही अशी जोडपी आता मूठभर राहिलेली नाहीत. त्यांना विधीच नको असतो असं मात्र नाही. आजोबांचा तालीत, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी खांद्यावर घ्यायची ती झालरीची शाल, डोक्यावर असावी, आईवडील शेजारी उभे असावेत, आपल्या आधीच्या पिढ्यांनी जे केलं त्याचा धागा आपल्या हाती यावा, ही त्यांची इच्छा खरी असते.

या वाटेवर आधी चाललेली माणसं आहेत. न्यूयॉर्कमध्ये 1900 साली उभ्या राहिलेल्या ‘आर्बेटर रिंग’ या कामगार संघटनेनं यिद्दिश भाषा आणि समाजवादी विचार यांच्या आधारे इहवादी यहुदी जीवनाची एक पूर्ण रीत घडवली. किब्बुत्झ, म्हणजे इस्राएलमधल्या सामूहिक शेतीच्या वसाहती, यांतल्या पहिल्या पिढ्यांनी जुन्या सणांना शेतीचा आणि सामूहिक जगण्याचा नवा आशय दिला. 1963 मध्ये रब्बी शेर्विन वाइन यांनी डेट्रॉइटच्या उपनगरात बर्मिंगहॅम टेम्पल सुरू केलं, आणि तिथून मानवतावादी यहुदी चळवळ आकाराला आली. वाइन यांचा आग्रह साधा होता: माणसानं तेच उच्चारावं जे तो खरं मानतो. प्रार्थनेचे शब्द सुंदर आहेत म्हणून अर्थाकडे डोळेझाक करणं त्यांना अप्रामाणिक वाटे. हे पुस्तक त्या चळवळीचा प्रचार करत नाही, पण हा एक आग्रह मात्र मी त्यांच्याकडून पूर्णपणे उचलला आहे.

‘परंपरेत ढवळाढवळ नको’ असं म्हणणाऱ्यांनी आधी परंपरेचाच इतिहास पाहावा. आज आपण जो यहुदी विवाहविधी एकसलग पाहतो, तो मुळात दोन वेगळे विधी होते. वाग्दान आधी होई आणि प्रत्यक्ष लग्न बऱ्याचदा वर्षभरानं. मध्ययुगात ते दोन्ही एकाच दिवशी, एकाच ठिकाणी होऊ लागले, आणि त्यांच्यामध्ये अंतर राहावं म्हणून केतुबा वाचण्याचा प्रघात पडला. तालमुद या प्राचीन धर्मग्रंथाच्या काळात वधूला नाणं किंवा किरकोळ किमतीची वस्तू दिली तरी चाले. अंगठी नंतर आली. चार खांबांवर कापड धरलेला हुप्पा आपल्याला अनादि वाटतो, पण या रूपात तो सोळाव्या शतकाच्या आसपास रूढ झाला. इसवी सन 1000 च्या सुमारास जर्मनीतल्या रब्बेनू गेर्शोम यांच्या नावानं बहुपत्नीत्वावर बंदी आली, आणि पत्नीच्या मर्जीविरुद्ध घटस्फोट देण्यावरही. त्याआधी या दोन्ही गोष्टी धर्माला मान्य होत्या. प्रत्येक पिढीनं काही घातलं, काही काढलं आणि काहींचा अर्थ बदलला. आज एखादं जोडपं तेच करतं, तेव्हा ते परंपरेच्या बाहेर पडत नाही.

ग्लास फोडण्याचंच पाहा. तालमुदमध्ये एका विद्वानाची गोष्ट आहे. मुलाच्या लग्नात पाहुण्यांची मौज हाताबाहेर जाते आहे असं दिसल्यावर त्यानं चारशे झूझ, म्हणजे चारशे चांदीची नाणी, किमतीचा पेला आणवला आणि सर्वांसमोर फोडला. सगळे गप्प झाले. मूळ हेतू एवढाच होता. त्याचा संबंध इसवी सन 70 मध्ये उद्ध्वस्त झालेल्या जेरुसलेमच्या मंदिराशी पुढे जोडला गेला, आणि आज बहुतेकांना तोच अर्थ ठाऊक असतो. मग इहवादी जोडप्यानं काय म्हणावं? कोणी म्हणतं, आनंदाच्या क्षणीही जगातलं तुटलेपण विसरू नये. कोणी हॉलोकॉस्टमध्ये गेलेल्या नातलगांची आठवण काढतं. कोणी काहीच बोलत नाही आणि आवाजालाच बोलू देतं. प्रत्यक्षात ग्लास पातळ काचेचा निवडावा, जाड रुमालात घट्ट गुंडाळून वर दोरा बांधावा, खाली सपाट फळी ठेवावी आणि पायात कडक टाचेचा बूट असावा. गवतावर ठेवलेला ग्लास फुटत नाही, तो मातीत रुततो. दोघांनी मिळून पाय ठेवायचा असेल तर आदल्या दिवशी एकदा करून पाहावं. अशा बारीकसारीक गोष्टींना या पुस्तकात बरीच जागा दिली आहे, कारण विधीचा अर्थ कितीही खोल असला तरी त्या क्षणी ग्लास फुटला नाही तर सगळ्यांना तेवढंच आठवतं.

मतभेदाची खरी जागा मात्र अंगठी आणि केतुबा ही आहे. रूढ विधीत वर अंगठी देतो, ठरलेलं वाक्य म्हणतो, आणि वधू ती स्वीकारून गप्प राहते. मिश्नामध्ये, म्हणजे तालमुदच्या मूळ कायदेसंहितेत, हा प्रसंग ज्या कायदेशीर चौकटीत बसवला आहे, तिची भाषा स्त्रीला ‘मिळवण्याची’ आहे. केतुबा हा त्याचाच पुढचा भाग. नवऱ्यानं पत्नीला काय द्यायचं आणि तो मेला किंवा त्यानं सोडलं तर तिला किती रक्कम मिळायची, हे त्यात अरामी भाषेत लिहिलेलं असतं: पहिल्या लग्नाच्या वधूला 200 झूझ, विधवेला 100. त्या काळात हे बाईच्या हिताचंच होतं. नवऱ्याला उठसूट बायको टाकता येऊ नये म्हणून घातलेला तो लगाम होता. पण घटस्फोटाचं पत्र, म्हणजे गेट, देण्याचा अधिकार पुरुषाकडेच राहिला, आणि त्यानं ते दिलं नाही तर बाई ना धड विवाहित ना धड मोकळी, अशी अडकून पडते. या दुःखाचे बळी आजही आहेत. समतेवर विश्वास ठेवणाऱ्या जोडप्यानं ही बाजू माहीत नसताना केवळ देखणी नक्षी पाहून केतुबा विकत घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

यावर उत्तरं शोधली गेली आहेत, आणि त्यांतलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते अमेरिकन अभ्यासक रेचल अॅडलर यांचं. 1998 च्या ‘एंजेंडरिंग ज्युडाइझम’ या पुस्तकात त्यांनी ‘ब्रित अहुविम’ नावाचा करार मांडला. यहुदी कायद्यातच त्यांनी दुसरा आधार शोधला: भागीदारीचा. जुन्या काळी दोन व्यापारी भागीदारी करताना आपापला वाटा एका पिशवीत टाकत आणि ती पिशवी दोघे मिळून उचलत. तेवढ्यानं भागीदारी पक्की होई. अॅडलर यांच्या विधीत वधू आणि वर, किंवा दोन वधू, किंवा दोन वर, आपापली एक मोलाची वस्तू त्या पिशवीत टाकतात आणि एकत्र उचलतात. कोणी आजीचं घड्याळ टाकावं, कोणी पहिल्या पगारातून घेतलेलं पुस्तक, कोणी साधी अंगठी. इथे कोणी कोणाला मिळवत नाही. पिशवी कापडाची, हातभर लांबीची आणि भक्कम शिवणीची असावी, म्हणजे दोघांचे हात एकदम मावतात. हुप्प्याखाली हे दृश्य पाहिलेल्या माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

यात जुनं मोडलं असंही म्हणता येत नाही. इजिप्तमध्ये एलेफंटाइन बेटावर राहणाऱ्या यहुदी सैनिकांच्या वसाहतीत इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातले अरामी विवाहकरार सापडले आहेत. त्यांत पत्नीलाही सर्वांसमोर उभं राहून लग्न मोडण्याचा अधिकार दिलेला दिसतो. समतेची मागणी पाश्चात्त्य फॅशन आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी या करारांची आठवण ठेवावी.

लग्न कोणी लावायचं आणि कोणाचं लावायचं नाही, हा प्रश्न मराठी बोलणाऱ्या यहुदींनी स्वतःच्या अंगावर झेलला आहे. इस्राएलमध्ये ओटोमन काळापासून चालत आलेली व्यवस्था 1953 च्या कायद्यानं कायम ठेवली: यहुदी नागरिकांचं लग्न आणि घटस्फोट रब्बींच्या न्यायालयांच्या अखत्यारीत. कोकणातून आणि मुंबईतून तिथे गेलेल्या बेने इस्राएलांना 1962 मध्ये मुख्य रब्बींच्या आदेशाला तोंड द्यावं लागलं. इतर यहुदींशी लग्न करायचं तर त्यांच्या आईकडच्या पिढ्या तपासा, असा तो आदेश. शेकडो वर्षं शनिवार पाळला, तेलाचा घाणा त्या दिवशी बंद ठेवला म्हणून शेजाऱ्यांनी ‘शनिवार तेली’ म्हटलं, त्या लोकांच्या यहुदी असण्यावर लग्नाच्या दारात शंका घेतली गेली. 1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये त्यांनी धरणं धरलं, प्रश्न क्नेसेटपर्यंत, म्हणजे इस्राएलच्या संसदेपर्यंत, गेला आणि त्या वर्षी ऑगस्टअखेर आदेशातलं बेने इस्राएलांचं नाव वगळलं गेलं. पुरोहितसत्तेच्या हाती लग्नाची किल्ली एकवटली की काय होतं, हे शिकायला आपल्याला दुसऱ्याच्या घरी जावं लागत नाही.

इस्राएलमध्ये आजही नागरी विवाहाची सर्वांसाठी सोय नाही. 1963 मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे परदेशात लागलेल्या लग्नांची नोंद करणं सरकारला भाग पडलं, आणि तेव्हापासून हजारो जोडपी सायप्रसला जाऊन सही करून येतात. त्यानंतर घरी परतून ती आपल्या मनासारखा हुप्पा उभारतात. पुढे घटस्फोटाची वेळ आली आणि दोघेही यहुदी असले, तर वाट पुन्हा रब्बींच्या न्यायालयातूनच जाते. म्हणून तिथल्या जोडप्यांसाठी कायद्यावरचं प्रकरण सर्वांत आधी वाचण्यासारखं आहे.

भारतात वाट तुलनेनं मोकळी आहे. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, तीन साक्षीदार लागतात आणि दोघांचा धर्म कोणताही असला तरी चालतं. विधी कोणता करायचा हे हा कायदा जोडप्यावर सोपवतो. विवाह अधिकारी आणि साक्षीदार यांच्यासमोर परस्परांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचं दोघांनी बोलून सांगावं, एवढीच त्याची अट आहे, आणि ते दोघांना समजणाऱ्या कोणत्याही भाषेत चालतं. म्हणजे मराठीत हुप्प्याखाली दिलेलं वचन हेच कायद्यानं पूर्ण लग्न ठरू शकतं, फक्त अधिकारी तिथे हजर हवा. महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. 1873 मध्ये जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं भटजीशिवाय लग्न लावून दाखवलं. मुंबईच्या बेने इस्राएलांतही सुधारणेचा प्रवाह जुना आहे. डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकारानं 1925 मध्ये इथे ज्यूइश रिलिजस युनियन उभी राहिली. ती मंडळी श्रद्धावान होती, इहवादी नव्हती. पण प्रार्थना कळली पाहिजे आणि स्त्रियांना तिच्यात जागा हवी, हा त्यांचा आग्रह आपल्याला जवळचा आहे.

आणि ठेवण्यासारखं आपल्याकडे किती आहे! आदल्या रात्रीची मेंदी, जिच्यात देवाचा प्रश्न मुळी येतच नाही. पांढरी साडी. वधू येत असताना वरानं हिब्रू गीत गाऊन तिचं स्वागत करणं, जे ऐकताना धर्म न मानणाऱ्यांचेही डोळे भरून येतात. द्राक्षाच्या दारूऐवजी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेलं शरबत. आणि मलिदा: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ किंवा साखर, वेलची, सुका मेवा, वर फळं. मलिद्याच्या वेळी एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव घेतात. ते नाव ज्यांना श्रद्धेनं घेता येत नाही, त्यांनी ताट तसंच सजवावं, घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला पहिला घास द्यावा आणि नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या पूर्वजांची गोष्ट एखाद्या मावशीनं मुलांना सांगावी. कोकणानं आपल्याला दिलेलं आहे ते टिकवायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

शेवा ब्राखोत, म्हणजे सात आशीर्वाद, यांवर या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, कारण लिहिण्याला सर्वांत जास्त वाव तिथे आहे. सात आशीर्वाद सात माणसांना द्यावेत: आत्या, शाळेतला मित्र, जोडीदाराचे वडील, शेजारची काकू. मूळ आशीर्वादांतून सृष्टी, माणूस, सोबत, आनंद, नगरात घुमणारा लग्नाचा आवाज असे विषय येतात. प्रत्येकानं त्यांतला एक घेऊन चार वाक्यं स्वतःची लिहावीत. मराठी, हिब्रू, इंग्रजी, जी भाषा तोंडात बसते ती चालेल. जोडीदाराच्या घरचे लोक यहुदी नसतील तर त्यांना मागच्या रांगेत पाहुणे म्हणून बसवू नये. यहुदी रिवाजात दोघांचेही आईवडील हुप्प्यापाशी येतात. ही एकच गोष्ट नीट पाळली तरी दोन कुटुंबं बरोबरीनं उभी राहतात. त्यांच्याकडचा एखादा विधी घ्यायचा असेल तर तो दागिन्यासारखा वरवर लावू नये. त्याचा अर्थ त्यांच्याच तोंडून समजून घ्यावा आणि मगच जागा द्यावी.

आखणीचा क्रम या पुस्तकात मी मुद्दाम नेहमीपेक्षा वेगळा ठेवला आहे. हॉल, केटरर आणि कपडे शेवटी येतात. आधी दोघांनी समोरासमोर बसून तीन याद्या करायच्या: काय मनापासून हवं, काय चालेल, काय तोंडून निघणारच नाही. मग कायद्याची बाजू पाहायची. मग लग्न लावणारं माणूस ठरवायचं, कारण भारतात सिनेगॉगचे हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, रूढ विधीनंच लग्न लावतात आणि जोडीदार यहुदी नसेल तर नकार देतात. त्यांच्यावर रागावू नये, त्यांनाही आपल्या शब्दांशी प्रामाणिक राहायचं असतं. घरातली जाणती व्यक्ती किंवा जवळचा मित्र हे काम करू शकतो, मात्र त्याला तयारीला काही महिने द्यावेत. मग करार लिहायचा, आणि त्यानंतर तारीख. स्वतः शब्बाथ पाळत नसलात तरी शनिवार टाळावा असं मी सुचवीन, म्हणजे पाळणाऱ्या नातलगांना येता येतं. तिशा बआव, म्हणजे मंदिराच्या नाशाचा शोकदिवस, त्याच्या आधीचे तीन आठवडे टाळले तर उत्तम. जेवणाचंही तसंच: नारळाच्या दुधातले पदार्थ आणि खवल्यांचे मासे ठेवले तर कोशर, म्हणजे यहुदी आहारनियम, पाळणारे आणि न पाळणारे एका पंगतीला बसतात. आपल्या तत्त्वाला धक्का न लावता दुसऱ्यासाठी जिथे सरकता येतं, तिथे सरकावं.

आजीआजोबांच्या दुःखाबद्दल शेवटच्या प्रकरणात लिहिलं आहे. त्यांना वाटतं की त्यांच्यानंतर काहीच उरणार नाही. वाद घालून ही भीती जात नाही. त्यांच्या लग्नातली केतुबा कपाटातून काढायला सांगा, ती वाचून घ्या, कोण साक्षीला होतं, मेंदी कोणी लावली, हे विचारा आणि लिहून ठेवा. त्यांच्याकडून शिकून मग बदललेली गोष्ट त्यांना पटली नाही तरी परकी वाटत नाही.

वाचकाला माझी विनंती एवढीच. या पुस्तकातले नमुने जसेच्या तसे उतरवून घेऊ नका. प्रत्येक विधी आधी समजून घ्या, कारण न समजता सोडलेली गोष्ट आणि न समजता केलेली गोष्ट, दोन्ही सारख्याच पोकळ असतात. मग दोघांनी मिळून आपला मजकूर लिहा आणि तो एकमेकांना मोठ्यानं वाचून दाखवा. ज्या वाक्याशी जीभ अडखळेल, ते लग्नाच्या आधी बदला.